एरोनॉटिकल बी.ई. झालं, पहिली नोकरी नेमकी कुठून शोधायची?

पतंगदोरी (प्रश्न)

२०२५ ला बी.ई. एरोनॉटिकल झाले. सीजीपीए ७.१, बॅकलॉग नाही. घर निफाड तालुक्यात. कॅम्पसला ज्या कंपन्या आल्या त्या जवळपास सगळ्या आयटीच्या. त्यातल्या एकीची ऑफर हातात आहे, पण जॉइनिंगची तारीख अजून नाही. चार महिन्यांत ‘एरोस्पेस इंजिनिअर फ्रेशर’ असं शोधून ८० च्या वर अर्ज टाकले, तीन ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांकडून काहीच नाही.

जाणकारांना विचारायचंय:
- पुण्यातली एक संस्था कॅटिया आणि हायपरमेश या डिझाइन-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरांच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे ८५,००० रुपये मागते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ म्हणतात. करावा का?
- ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) अप्रेंटिसशिप घेतली तर पुढे तिथे कायम होता येतं का?
- गेट (एम.टेक. आणि काही सरकारी भरतीसाठीची परीक्षा) याचा एरोस्पेस पेपर आता वर्षभर बसून द्यावा का?
- घरचे विचारतात, ‘विमानाची इंजिनिअर झालीस ना, मग एअरलाइनमध्ये का नाही लागत?’ याचं खरं उत्तर काय द्यायचं?

---

रिव्हेटवाला

तू म्हणतो, राग मानू नकोस.

८० अर्जांना उत्तर न येण्याचं कारण तुझ्या शोधशब्दातच आहे. ‘एरोस्पेस इंजिनिअर’ या नावाने फ्रेशरची जागा क्वचितच निघते. पदवी विमानाची असली तरी नोकरी टेबलाची असते, आणि प्रत्येक टेबलाचं नाव वेगळं. स्ट्रेस म्हणजे भाग भार पेलेल का ते गणिताने तपासणारे, एअरफ्रेम म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं डिझाइन, मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग, क्वालिटी, लायझन म्हणजे उत्पादनात चुकलेल्या भागांचे निर्णय देणारे, टेक्निकल पब्लिकेशन्स, सॉफ्टवेअर व्हेरिफिकेशन. शोधताना ही नावं टाक आणि सोबत ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’ लिही.

दुसरं म्हणजे दार ओळख. बेंगळुरूतली एअरबस, बोइंग, जीई, प्रॅट अँड व्हिटनी, कॉलिन्स यांची केंद्रं फ्रेशर घेतात ते मुख्यतः ठरावीक कॉलेजांच्या कॅम्पसमधून आणि इंटर्नशिपमधून. बाहेरून येणाऱ्याला तिथे दोन-तीन वर्षांचा अनुभव विचारतात. तो अनुभव मिळतो इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या कंपन्यांत: क्वेस्ट ग्लोबल, सायंट, एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस, ॲक्सिसकेड्स, कॅपजेमिनी इंजिनिअरिंग, टाटा टेक्नॉलॉजीज. काम बहुतेकदा त्याच मोठ्या विमान कंपन्यांचं असतं, पगारपत्रक फक्त वेगळं. पहिल्या नोकरीसाठी याला कमी समजू नकोस.

आता कोर्स. माझं मत: ८५,००० देऊ नकोस. संस्थेला चार गोष्टी विचार. शिकवणाऱ्याने स्वतः कुठल्या विमानाच्या भागावर काम केलंय? नॅस्ट्रानचा सॉल्व्हर म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणारं सॉफ्टवेअर शिकवतात की फक्त मेश करायला, म्हणजे भागाचे छोटे तुकडे पाडायला? हातगणित घेतात का? गेल्या दोन बॅचची मुलं कुठल्या पदावर लागली? शेवटच्या प्रश्नावर ‘ऑटोमोटिव्हमध्ये पण स्कोप आहे’ असं सुरू झालं की फोन ठेव. ‘प्लेसमेंट साहाय्य’ म्हणजे अनेकदा तुझा बायोडेटा शंभर पत्त्यांवर फॉरवर्ड करणे, बाकी काही नाही.

त्याऐवजी घरी एक काम पूर्ण कर, पण असं की समोरच्याला तपासता आलं पाहिजे. स्ट्रेसच्या टेबलासाठी उदाहरण देतो.

६०० × ४५० मिमीचं पॅनेल घे, २०२४-टी३ ॲल्युमिनियम, जाडी १.६ मिमी. त्यावर १५० मिमी अंतराने चार झेड-स्ट्रिंगर (झेड आकाराच्या आधारपट्ट्या), म्हणजे मध्ये तीन मोकळे पट्टे. स्ट्रिंगरच्या दिशेने दाब दे आणि पत्रा कधी बकल होतो, म्हणजे दाबाने लाटेसारखा वाकतो, ते काढ.

आधी हाताने. चारही कडा साध्या टेकलेल्या धरल्या तर बकलिंगचा ताण साधारण ३.६२ × ई × (जाडी/रुंदी)². ई म्हणजे धातूचा ताठरपणा (यंग्ज मॉड्युलस) ७२,४०० मेगापास्कल, जाडी/रुंदी म्हणजे १.६/१५०. उत्तर जवळपास ३० मेगापास्कल.

मग संगणकावर एफईएमचं मॉडेल, म्हणजे भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून केलेलं गणित. पत्र्याला शेल म्हणजे पातळ पत्र्यासारखे एलिमेंट, स्ट्रिंगरलाही शेल. बकलिंगची अर्धी लाट इथे साधारण १५० मिमीची असते, तिच्यात निदान सात-आठ एलिमेंट पाहिजेत, म्हणून आकार १५ ते २० मिमी. ५० मिमीचा मेश टाकलास तर लाट नीट वाकणारच नाही आणि उत्तर चुकेल. एफईएमचं उत्तर ३० पेक्षा थोडं वर आलं तर घाबरू नकोस, स्ट्रिंगर पत्र्याच्या कडेला फिरू देत नाही म्हणून ते वाढतं. तिप्पट आलं तर मात्र सीमा-अटी, म्हणजे आधार कुठे-कसा दिला ते, चुकल्यात, बहुतेक पत्र्याचे सगळे नोड (एलिमेंटचे जोडबिंदू) जखडून ठेवले असशील.

निकाल बघण्याआधी हे तपास, आणि तपासल्याचे आकडे अहवालात लिही:

वस्तुमान. मिमी-न्यूटन-टन या एककांत ॲल्युमिनियमची घनता २.८ गुणिले १० चा उणे नववा घात. नुसत्या पत्र्याचं वजन १.२ किलो यायला हवं. इथे सवयीने २८०० टाकलं तर पॅनेल १२१ कोटी टनांचं होतं आणि सॉफ्टवेअर बिचारं काही बोलत नाही. स्थिर भाराच्या गणितात ही चूक दिसतसुद्धा नाही. गुरुत्व किंवा कंपन आलं की ती उघडी पडते.

मोकळी मोडल चाचणी, म्हणजे मॉडेलच्या नैसर्गिक कंपनांची. कुठलाच आधार न देता चालवून बघ. पहिल्या सहा वारंवारिता शून्याजवळ आल्या पाहिजेत. सहापेक्षा जास्त आल्या तर कुठला तरी भाग नीट जोडलेला नाही. पाच आल्या तर कुठे तरी नकळत जमिनीला बांधलंयस.

आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या भाराइतकी आहे का.

मोकळ्या कडा, दुहेरी एलिमेंट, शेलच्या नॉर्मल दिशा.

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्सला परवाना लागत नाही. ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्ती स्ट्रक्चरला १,२८,००० नोडपर्यंत चालते, या पॅनेलला ती पुरून उरते. अहवाल आठ पानांच्या आत ठेव: गृहीतं, हातगणित, मॉडेल, तपासण्या, निकाल, दोन्हींत फरक का आला. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रंगीत चित्र कोणीही काढतं. फरकाचं कारण सांगणारा फ्रेशर क्वचित भेटतो.

---

सातपूर_शिफ्ट

वरचं पटलं, पण सगळ्यांनी स्ट्रेसकडेच धाव घेऊ नये. निफाडच्या माणसाला ओझर दारात आहे आणि कारखान्याचं काम लोक उगाच खालचं समजतात.

अप्रेंटिसशिपचं स्पष्ट सांगतो. एचएएल नाशिक विभाग पदवीधर अप्रेंटिस घेतो, मुदत एक वर्ष, नोंदणी केंद्राच्या एनएटीएस (अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर. आपल्या भागाचं काम मुंबईचं अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड बघतं. वर्ष संपलं की कंपनीवर नोकरी देण्याचं बंधन नाही. ‘आत शिरलं की चिकटता येतं’ असं गावात कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अधिकारी पदासाठी मॅनेजमेंट ट्रेनी आणि डिझाइन ट्रेनीच्या जाहिराती वेगळ्या निघतात आणि त्यांची निवडही वेगळी होते.

मग करायची कशाला? तर जिग (जोडताना भाग पकडून ठेवणारे साचे), असेंब्ली लाइन, इन्स्पेक्शनचे टप्पे, कागदपत्रं हे सगळं प्रत्यक्ष बघायला मिळतं म्हणून. ओझरला सुखोई-३० जोडली गेली, आता तेजस एमके-१ए ची लाइनही आहे. तिथलं पहिलं तेजस १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. एवढ्या जवळून लढाऊ विमान जोडताना बघणं दुसरीकडे कुठे होणार?

एक मेख लक्षात ठेवा. अप्रेंटिसच्या जाहिरातींत अट असते की आधी एक वर्ष किंवा जास्त नोकरीचा अनुभव असेल तर अर्ज बाद. म्हणजे क्रम उलटा करता येत नाही. अप्रेंटिसशिप करून नोकरी धरता येते, नोकरी करून अप्रेंटिसशिप घेता येत नाही. पदवीला किती वर्षं झालेली चालतात तेही प्रत्येक जाहिरातीत बघा.

एचएएलच्या भिंतीपलीकडेही बघा. विमानाचे सुटे भाग करणारे पुरवठादार नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. नागपूरला मिहानमध्ये टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स आणि दसॉ रिलायन्स. बेळगावला एक्वसचं एसईझेड, तिथे फोर्जिंगपासून मशीनिंग आणि पृष्ठप्रक्रियेपर्यंत सगळं एका आवारात होतं, आणि भाषेची अडचण येणार नाही. मुंबईत विक्रोळीला गोदरेज, इस्रोच्या विकास इंजिनाचं काम करणारं. इथे पद निघतं ‘प्रोसेस प्लॅनिंग’, ‘क्वालिटी’ किंवा ‘एनपीडी’ (नवीन उत्पादन विकास) या नावाने, आणि जाहिरातीत बऱ्याचदा फक्त ‘मेकॅनिकल’ लिहिलेलं असतं. खासगी कंपनीत तरीही अर्ज करा, एरोनॉटिकलवाल्याला बाद करायचं त्यांना काही कारण नसतं. सरकारी जाहिरातीत मात्र शाखेचं नाव शब्दशः नसेल तर अर्ज छाननीतच उडतो. तिथे फी वाया घालवू नका.

या टेबलासाठी दाखवायचं काम असं. कुठलंही बरं मशीनिंगचं ड्रॉइंग घ्या. त्यातल्या प्रत्येक मापाला, टॉलरन्सला (मापात चालणारी सूट), नोटला क्रमांक द्या, कारखान्यात याला बलूनिंग म्हणतात. मग एएस९१०२ या विमान उद्योगाच्या मानकाच्या धर्तीवर पहिल्या नगाचा तपासणी अहवाल तयार करा. तीन फॉर्म असतात: पहिल्यात भाग क्रमांक, दुसऱ्यात माल आणि विशेष प्रक्रिया, तिसऱ्यात प्रत्येक मापाचा हिशेब. तिसऱ्या फॉर्ममध्ये नवखे हमखास नोटा विसरतात. ‘सर्व धारदार कडा ०.३ ते ०.५ मिमी मोडा’ हीसुद्धा तपासायची गोष्ट आहे, तिलाही क्रमांक लागतो. हे काम दोन दिवसांचं आहे, आणि मुलाखतीला ते कागद टेबलावर ठेवले की बोलणं आपोआप तुमच्या बाजूने सुरू होतं.

जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवर आकार आणि जागेची सूट लिहायची चिन्हभाषा, कच्चं असेल तर मात्र या रस्त्याला लागू नका. पोझिशन टॉलरन्स ०.२ आहे, भोक एमएमसीपेक्षा (इथे भोकाचं सगळ्यात लहान चालणारं माप) ०.१ मोठं झालं आणि एमएमसीचं चिन्ह आहे, तर एकूण किती मिळतो? ०.३. चिन्ह नसेल तर ०.२ च. हे न अडखळता आलं पाहिजे.

---

नळकांडे

गेटबद्दल थोडक्यात.

‘वर्षभर बसून’ हे चुकीचं, ‘नोकरी शोधता शोधता’ हे बरोबर. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, परीक्षा फेब्रुवारीत. एई म्हणजे एरोस्पेसचा पेपर ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास. त्यात १५ गुण सामान्य क्षमतेचे आणि १३ गणिताचे, म्हणजे २८ गुण विमानाचा एकही पंख न बघता मिळण्यासारखे आहेत. उरलेले ७२ एरोडायनॅमिक्स, फ्लाइट मेकॅनिक्स, स्ट्रक्चर, प्रोपल्शन आणि स्पेस डायनॅमिक्सचे. आकडा टाइप करायच्या प्रश्नांना ऋण गुण नाहीत. एका गुणाच्या पर्यायी प्रश्नाला एक तृतीयांश जातो, दोन गुणांच्याला दोन तृतीयांश. स्कोअर तीन वर्षं चालतो.

उपयोग कुठे? डीआरडीओ आणि एडीएची (तेजसची रचना करणारी संस्था) सायंटिस्ट ‘बी’ भरती आरएसी या डीआरडीओच्या भरती केंद्रातर्फे होते, एरोनॉटिकल शाखेला एईचाच स्कोअर लागतो, वर मुलाखत असते. पण तेल-वीज कंपन्यांच्या मेकॅनिकलच्या जागा एई स्कोअरवर मिळत नाहीत, त्या आशेने हा पेपर देऊ नका.

इस्रोची केंद्रीय भरती बहुतेक मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरच्या नावाने निघते आणि ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए मागते. तुमचे गुण बसतात. शाखेची ओळ प्रत्येक वेळी वाचा.

आणि एम.टेक.चा खरा फायदा कोणी बोलत नाही. तुम्ही पुन्हा कॅम्पसवर येता. वर रिव्हेटवाल्यांनी सांगितलेली जी दारं बाहेरून बंद दिसतात ती मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूरच्या आयआयटींत किंवा आयआयएससीत आतून उघडतात. पुण्यात गिरीनगरला डीआयएटी हे संरक्षण खात्याचं अभिमत विद्यापीठही आहे. गेटवाल्यांना महिना १२,४०० विद्यावेतन मिळतं, त्यात भागतं म्हणायचं इतकंच.

---

हँगरपाशी

घरच्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडून घ्या: ‘विमानाची इंजिनिअर’ आणि ‘विमानावर सही करणारी इंजिनिअर’ या दोन वेगळ्या गोष्टी.

विमान उड्डाणाला सोडताना जी सही लागते ती डीजीसीए या नागरी विमान नियामकाच्या सीएआर-६६ नियमाखालच्या परवानाधारकाची. बी१ म्हणजे यांत्रिक बाजू आणि इंजिन, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. त्यासाठी मॉड्यूलच्या परीक्षा द्याव्या लागतात आणि मान्यताप्राप्त देखभाल संस्थेतला नोंदवलेला अनुभव लागतो. तुमच्या पदवीने हा परवाना मिळत नाही. बारावीनंतर सीएआर-१४७ म्हणजे देखभाल-प्रशिक्षणाच्या मान्यताप्राप्त संस्थेत गेलेली मुलं या रस्त्यावर तुमच्या पुढे आहेत. आता शून्यापासून तिकडे वळायचं असेल तर विचार करूनच वळा.

पण देखभालीतही पदवीधरांची टेबलं आहेत: टेक्निकल सर्व्हिसेस, मेंटेनन्स प्लॅनिंग, कामो (विमान उडायला योग्य राहतंय ना हे सांभाळणारा विभाग), रेकॉर्ड्स. तिथे काम काय? एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठी नियामकाचा सक्तीचा आदेश) आला की तो ताफ्यातल्या कुठल्या विमानांना लागू आहे ते सिरियल नंबरवरून शोधणं, मुदत उड्डाणतासांत आहे, फेऱ्यांत आहे की दिवसांत, जे आधी येईल ते लावणं, आणि हँगरमध्ये विमान कधी उभं करायचं ते ठरवणं. यात चूक झाली तर विमान जमिनीवर बसतं, म्हणून नीटनेटक्या माणसाला इथे किंमत आहे. एअरलाइनच्या ‘ग्राउंड स्टाफ’च्या जाहिराती यात धरू नका, ते काम वेगळं.

तयारी म्हणून एटीए या विमानाच्या भागांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे अध्याय पाठ हवेत: २७ फ्लाइट कंट्रोल, ३२ लँडिंग गिअर, ५३ फ्यूजलाज म्हणजे विमानाचं धड, ५७ पंख. ‘फ्यूजलाजवर पोचा आलाय, काय काय मोजाल?’ हा नेहमीचा प्रश्न. खोली, रुंदी, जवळच्या फ्रेम-स्ट्रिंगरपासून आणि रिव्हेटच्या रांगेपासूनचं अंतर, कडा धारदार आहे का, आधीची दुरुस्ती शेजारी आहे का. मग स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधली मर्यादा. मर्यादेबाहेर असेल तर उत्पादकाला विचारायचं, स्वतःच्या डोक्याने पत्रा ठोकायचा नाही.

नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र आहे, आता ते एआयईएसएल ही सरकारी देखभाल कंपनी चालवते. महाराष्ट्रात राहायचं असेल तर त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

अजून एक दार लोक विसरतात. विमानतळ प्राधिकरणाच्या एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) ज्युनिअर एक्झिक्युटिव्हला कुठल्याही शाखेची इंजिनिअरिंग पदवी चालते, फक्त कुठल्या तरी सेमिस्टरला फिजिक्स आणि गणित असावं लागतं. वयोमर्यादा २७, राखीव गटांना सवलत. लेखी परीक्षेनंतर आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय आणि वैद्यकीय. प्रशिक्षणाच्या केंद्रांपैकी एक आपल्या गोंदियात. डिझाइनचं स्वप्न असेल तर हे काम ते नव्हे, पण आकाशाच्या याहून जवळचं टेबलही नाही.

---

पतंगदोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोर्सला नाही म्हणून कळवलं. स्ट्रेसचं पॅनेल करायला घेते, सोबत एनएटीएसवर नोंदणी आणि गेटचा फॉर्म.

दोन गोष्टी राहिल्या. एक, स्ट्रेसच्या मुलाखतीत फ्रेशरला नेमकं काय विचारतात? दोन, काल एका ‘कन्सल्टन्सी’चा फोन आला, एरोस्पेस कंपनीत नक्की जागा, ‘डॉक्युमेंटेशन’चे १२,००० आधी आणि दोन वर्षांचा बाँड. आणि त्या आयटीच्या ऑफरचं काय करू?

---

रिव्हेटवाला

मुलाखत बहुतेक वेळा कागद-पेनवर सुरू होते. कॅन्टिलिव्हरचा बेंडिंग मोमेंट काढता येत नसेल तर तुझ्या बायोडेटातली सात सॉफ्टवेअरं कोणी विचारत नाही.

पंखाच्या खालच्या कातडीला २०२४ आणि वरच्या कातडीला ७०७५ का? खालची बाजू उड्डाणात ताणली जाते, तिथे भेग हळू वाढणारा मिश्रधातू हवा. वरची दाबली जाते, तिथे बळकटी जास्त कामाची.

नॅस्ट्रानमधले जोड-एलिमेंट आरबीई२ आणि आरबीई३ यांतला फरक? पहिला नोड एकमेकांना कडक बांधतो, म्हणजे मॉडेलला नसलेला ताठरपणा देतो. दुसरा भार वाटून देतो, ताठरपणा वाढवत नाही. ‘मग बेअरिंगच्या भोकात काय वापरशील आणि का?’ असा पुढचा प्रश्न येतोच.

केबिनच्या दाबाचा हूप ताण, म्हणजे धडाच्या घेराच्या दिशेचा? आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक ०.०६ मेगापास्कल, त्रिज्या १९७५ मिमी, जाडी १.६ मिमी: गुणून भागलं की ७४ मेगापास्कल, लांबीच्या दिशेला त्याच्या निम्मा.

आणि हमखास येणारा रिव्हेटचा सांधा. हे एकदा हाताने कर. रिव्हेटचा व्यास (डी) ४ मिमी, पत्रा १.६ मिमी, रांगेतलं अंतर १६ मिमी म्हणजे ४डी, कडेपासून ८ मिमी म्हणजे २डी. एका रिव्हेटवर लिमिट भार (वापरात येणारा सगळ्यात मोठा) १५०० न्यूटन. अल्टिमेटसाठी, म्हणजे सुरक्षेसाठी वाढवलेल्या भारासाठी, १.५ ने गुण: २२५० न्यूटन. रिव्हेटचं छेदक्षेत्र १२.५७ चौरस मिमी, म्हणून शिअर (कातरणारा ताण) १७९ मेगापास्कल. बेअरिंग, म्हणजे रिव्हेट भोकाच्या कडेवर देतो तो दाब, २२५० ला ४ × १.६ ने भागून ३५२. भोकं वजा करून उरलेल्या पत्र्यावर २२५० ला १२ × १.६ ने भागून ११७. २११७ मिश्रधातूच्या रिव्हेटची शिअर मर्यादा सुमारे २०७ धर. मार्जिन म्हणजे २०७ भागिले १७९ वजा १, सुमारे ०.१६. झालं? नाही. आता समोरचा विचारेल, ‘फिटिंग फॅक्टर लावलास का?’, म्हणजे सांध्यासाठीचा जादा सुरक्षा-गुणक. १.१५ लावलास तर ताण २०६ होतो आणि मार्जिन जवळपास शून्यावर येतं.

इथे बरीच मुलं गडबडून लगेच ‘हो, लावायला हवा’ म्हणतात. थांब. फार-२५ या अमेरिकन विमान-नियमांच्या ६२५ व्या कलमातच म्हटलंय की मान्य पद्धतीने केलेल्या आणि पुरेशा चाचण्यांचा आधार असलेल्या सांध्यांना, जसं पत्र्याचे सलग सांधे, हा फॅक्टर लागत नाही. सुटी फिटिंग असेल तर लागतो. ‘हा सांधा सलग आहे की फिटिंग?’ असा उलट प्रश्न तू विचारलास तर अर्धी मुलाखत तिथेच झाली.

---

सातपूर_शिफ्ट

कन्सल्टन्सीला एक रुपया देऊ नका. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून ‘डॉक्युमेंटेशन’, ‘युनिफॉर्म’, ‘गेटपास’ असल्या नावाने पैसे घेत नाही. एचएएल आणि एअरलाइन्सच्या नावाने खोटी पत्रं फिरतात. ओळखायची सोपी रीत: मेल फुकटच्या ईमेल सेवेवरून आलेला असतो, जाहिरात क्रमांक नसतो किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडत नाही, आणि मुलाखत झालेलीच नसते. सरकारी भरतीची फी फक्त अधिकृत पोर्टलवर भरली जाते.

बाँडचं वेगळं आहे. चांगल्या कंपन्याही प्रशिक्षणापोटी बाँड घेतात. रक्कम किती, महिन्यागणिक ती कमी होते का, कंपनीनेच काढलं तर लागू आहे का, हे लेखी वाचा. मूळ गुणपत्रिका ठेवून घेतो म्हणाले तर उठून या. पडताळणीला मूळ दाखवायच्या, हातात द्यायच्या त्या झेरॉक्स.

---

बिटबाइट_गगन

आयटीच्या ऑफरबद्दल मी थोडं वेगळं सांगेन. ताई, ती लगेच नाकारू नका. जॉइनिंगची तारीखच आलेली नाही, तोवर तुमचे सहा महिने मोकळे आहेत. तारीख आली आणि हातात दुसरं काही नसेल तर जा, पण तिथे गेल्यावर प्रोजेक्ट कुठला मिळतो यासाठी भांडा. सी, मॅटलॅब-सिम्युलिंक, डीओ-१७८सी या विमान-सॉफ्टवेअरच्या मानकाप्रमाणे चाचण्या लिहिणं, असलं काम मिळालं तर तुम्ही एरोस्पेसमध्येच आहात. विमा कंपनीचं पोर्टल मिळालं तर दीड वर्षानंतर स्ट्रेसच्या मुलाखतीत ‘मधे काय केलं?’ याला उत्तर राहत नाही. आणि वर सांगितलेली अप्रेंटिसची अट विसरू नका: आयटीत वर्ष भरलं की ओझरचं ते दार गेलं.

बऱ्याच फ्रेशर जाहिरातींत पदवीचं वर्ष लिहिलेलं असतं, ‘फक्त २०२५’ किंवा ‘२०२४-२५’. त्यामुळे पुढचे काही महिने तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचे आहेत.

टेक पब्स म्हणजे टेक्निकल पब्लिकेशन्स (विमानाच्या माहितीपुस्तिका लिहिणं) बघितलं का? इंग्रजी नीट असेल तर तिथे शिरणं सोपं असतं. एसटीई१०० म्हणजे सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम शिका. कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५. सायकलची चेन बदलण्याची कृती त्या नियमांत लिहून जोडली तरी नमुना तयार होतो. पण तिथून डिझाइनकडे सरकणं अवघड, हे माहीत असूनच जा.

---

रिव्हेटवाला

शेवटचं, बायोडेटा. एक पान. ‘ध्येय’ नावाचा परिच्छेद काढून टाक, ‘एमएस ऑफिस’ काढून टाक, वडिलांचं नाव-जात-वजन तर आधी काढ. सगळ्यात वर ज्या टेबलासाठी अर्ज आहे त्याचं नाव. त्याखाली प्रकल्पाच्या तीन ओळी, आकड्यांसह: ‘चार स्ट्रिंगरचं २०२४-टी३ पॅनेल, बकलिंग ताण हाताने ३० मेगापास्कल, एफईएमने अमुक, फरकाचं कारण तमुक.’ सॉफ्टवेअरच्या नावापुढे ‘तज्ज्ञ’ लिहू नकोस, काय केलं ते लिही. अहवालाची पीडीएफ सोबत जोड. फाइलचं नाव ‘रिझ्युमे फायनल २’ नको, तुझं नाव आणि पद असू दे.

स्ट्रेससाठी एक आणि कारखान्यासाठी एक असे दोन बायोडेटा कर. दोन्ही एकत्र करून सगळीकडे पाठवू नकोस, त्या ८० अर्जांत तेच झालं होतं. पॅनेलचा मेश झाला की मोडल चाचणीचे पहिले आठ आकडे इथे टाक, बघतो.